पावतीनंतरचे पत्र

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने शाळेच्या वाटचालीविषयी लिहावे असे सुचविले होते. वाटचालीविषयी इतर मान्यवर माझ्याहून अधिक अधिकाराने लिहितील, म्हणून मी थोडा बाजूचा विषय निवडला आहे. शाळा कोणी उभारली हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु दर महिन्याचे धान्य, वीजबिल, औषधे आणि कर्मचाऱ्यांचे मानधन यांसाठी पैसा कसा येतो, आणि एकदा देणारा माणूस पुन्हा का देतो किंवा देत नाही, याविषयी आपण फारसे बोलत नाही. पैशाविषयी बोलणे आपल्याकडे जरा हलके मानले जाते.

मी या शाळेचा माजी विद्यार्थी नव्हे, पालक आहे. माझे स्वतःचे शिक्षण दुसऱ्या जिल्ह्यातील एका वसतिगृहात, लोकांच्या देणगीवर झाले. नोकरी लागल्यावर काही वर्षे पुण्यातील एका संस्थेसाठी मी सुटीच्या दिवशी पावती पुस्तक घेऊन हिंडलो. त्या काळातील एक प्रसंग अजून मनातून जात नाही.

पिंपरीतील एका निवृत्त कामगाराने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ मुलींच्या वसतिगृहातील गाद्यांसाठी पंचवीस हजार रुपये दिले. जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी गाद्या येतील, असा शब्द मी दिला. पावती फाडली, मात्र तिच्यावर ‘गाद्यांसाठी’ असे लिहिण्याचे राहून गेले. कार्यालयात ती रक्कम सर्वसाधारण देणगीत जमा झाली आणि धान्याच्या बिलात खर्चही झाली. देणगीदारांना पत्रे पाठविणाऱ्या ताईंना गाद्यांची काहीच कल्पना नव्हती. त्यांनी इतरांबरोबर त्या गृहस्थांनाही नववर्षाचे छापील शुभेच्छापत्र पाठविले. पुढच्या वर्षी आमच्याच एका नव्या कार्यकर्त्याने त्यांना फोन करून विचारले, “आपण यापूर्वी आमच्या संस्थेला कधी मदत केली आहे का?” त्यानंतर एका कार्यक्रमात ते मला भेटले. जयभीम झाला. तक्रारीचा सूर नव्हता. इतकेच म्हणाले, “दादा, गाद्या आल्या का, तेवढं सांगा.”

मी कार्यालयाला दोष दिला, कार्यालयाने मला. ताईंचे म्हणणे असे की, बाहेर फिरणारे लोक वाटेल ते कबूल करून येतात आणि निस्तरावे आम्हाला लागते. आमचे म्हणणे असे की, उन्हातान्हात दारोदार जाऊन पैसा आम्ही आणतो, आणि यांच्याकडून साधे आभाराचे पत्र वेळेवर जात नाही. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. खरेपणा असूनही पंचवीस हजार देणारा माणूस दुखावला गेला होता.

पुढे विनयपिटक वाचताना महावग्गातील चीवरांविषयीच्या भागात मला हाच प्रश्न भेटला, तेव्हा आश्चर्य वाटले. लोक चीवरे घेऊन विहारात येत, पण ती स्वीकारणारे कोणी नसल्याने परत घेऊन जात. म्हणून चीवरे स्वीकारणारा भिक्खू संघाने नेमावा, अशी अनुज्ञा भगवंतांनी दिली. मग स्वीकारणारे भिक्खू चीवरे घेऊन तेथेच टाकून निघून जाऊ लागले आणि ती नासू लागली. म्हणून ती जपून ठेवणारा नेमला गेला. त्याने ती मांडवात किंवा झाडाखाली ठेवली, तर उंदीर आणि वाळवी लागली. म्हणून भांडार ठरविले गेले, भांडारावर भांडागारिक आला, आणि शेवटी वाटप करणारा. यांपैकी प्रत्येकाची निवड संघाच्या संमतीने होई, आणि लोभ, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा माणूसच त्यासाठी योग्य समजला जाई. काय स्वीकारले गेले आणि काय नाही, हेही त्याला ठाऊक असावे लागे. ‘स्वीकारून तेथेच टाकून जाणे’ हे वर्णन वाचताना मला माझे पावती पुस्तक आठवले.

नाशिकच्या पांडवलेणीतील नहपानाचा जावई उषवदात याचा लेखही या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील या लेखात त्याने भिक्खुसंघासाठी ठेवलेल्या तीन हजार कार्षापणांच्या अक्षय ठेवीची नोंद आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल मोडायचे नाही. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. हिशोब करून पाहा: दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीसच. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविला, असेही लेखात म्हटले आहे. किती दिले, कोठे ठेवले, कोणासाठी खर्च होणार, कोणासमक्ष ठरले, हे सारे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावे म्हणून दगडात कोरलेले आहे. आपल्या किती पावत्यांवरून यातले अर्धे तरी कळते?

आपल्या वसतिगृहांच्या अलीकडच्या इतिहासातही एक उदाहरण आहे. १९८० मध्ये ब्रिटनमधील बौद्ध मंडळींनी ‘एड फॉर इंडिया’ या नावाने काम सुरू केले, ते पुढे ‘करुणा ट्रस्ट’ झाले. तिकडचे स्वयंसेवक संध्याकाळी घरोघरी दार ठोठावून दरमहा थोडी रक्कम देण्याची विनंती करीत, आणि त्यातून महाराष्ट्रातील अनेक वसतिगृहांना आधार मिळाला. दार ठोठावणारा तरुण काही आठवड्यांच्या मोहिमेनंतर आपल्या कामाला निघून जातो. दरमहा देणारे कुटुंब मात्र मागे राहते. त्या कुटुंबाशी पुढे कोण बोलणार, हे मोहिमेपूर्वीच ठरलेले नसेल तर अशी देणगी फार काळ टिकणार नाही.

२०२० च्या कायदादुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही. त्यामुळे मोठ्या संस्थांच्या आधाराने चालणाऱ्या लहान वसतिगृहांना आता आपल्याच माणसांकडे वळावे लागते. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याविषयी सांगितले होते. जामखेड तालुक्यातील शिक्षक, एस.टी.चे वाहक, अंगणवाडी सेविका आणि ऊसतोडीहून परतलेली कुटुंबे जयंतीला पाचशे-हजार देतात, त्यामागे ती शिकवण आहे. त्यांना पत्र जात नाही, कारण रक्कम लहान असते. हा मला सरळ अन्याय वाटतो.

कायद्यानेही आता दोन टेबले जवळ आणली आहेत. दोन हजारांहून अधिक रोख देणगीला ८०जीची सवलत मिळत नाही. २०२१-२२ पासून संस्थेला देणगीदारांचे १०बीडी विवरणपत्र भरून त्यांना १०बीई प्रमाणपत्र द्यावे लागते. बाहेर फिरणाऱ्याने पॅन क्रमांक आणि देणगीचे प्रयोजन नीट लिहून आणले नाही, तर मे महिन्यात कार्यालयाचे हात बांधले जातात.

आणखी एक गोष्ट अधिक नाजूक आहे. मागणारा माणूस भावना हलविण्यासाठी मुलांच्या दारिद्र्याचे चित्र रंगवितो. मीही रंगविले आहे. वसतिगृहात असताना माझाही फोटो एका पत्रकावर छापला होता, फाटक्या सदऱ्यातला. दुसरा सदरा पेटीत होता. मुलांना रोज पाहणारी, त्यांची प्रगती देणगीदारांना कळविणारी व्यक्ती पत्रक छापण्यापूर्वी विचारात घेतली गेली असती, तर तिने तो फोटो अडविला असता. कोणते छायाचित्र बाहेर जाईल यावर नकाराचा अधिकार त्या व्यक्तीलाच असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे देणगी थोडी कमी आली तरी चालेल.

यासाठी फार काही उभारावे लागणार नाही. देणगी मागणारे आणि पत्रे लिहिणारे यांची वही एक असावी, आणि महिन्यातून एकदा ती समोर ठेवून दोघांनी बसावे. याचा धडा जामखेडमध्येच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून येथे उभारलेल्या आरोग्य प्रकल्पात गावोगावच्या आरोग्यसेविका नियमित एकत्र येऊन गावात काय घडले ते सांगत आणि नवे शिकून परत जात. जिला गाव ठाऊक आहे तिचे बोलणे डॉक्टरांनी ऐकायचे, हीच तेथील रीत. आपल्याकडे देणगीदार ज्याला ठाऊक आहे त्याचे बोलणे कार्यालयाने ऐकावे, आणि वसतिगृह जिला ठाऊक आहे तिचे बोलणे मागणाऱ्याने ऐकावे.

त्या गाद्या अखेर दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये आल्या. ताई आणि मी दोघेही पिंपरीला त्या गृहस्थांच्या घरी गेलो. उशीर का झाला ते ताईंनी काही न लपविता सांगितले. त्यांनी चहा दिला. नव्या देणगीचा विषय त्यांनी काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. निघताना त्यांनी विचारले, “खोळी शिवल्या का? खोळीशिवाय गादी टिकत नाही.” शिवल्या नव्हत्या. ताईंनी पर्समधून वही काढून तसे लिहून घेतले.