देखभालखात्याचा हुद्दा

विजेची यंत्रसामग्री घडविणाऱ्या कारखान्याचा लौकिक आपण सामान्यतः दोघांच्याच खाती जमा करतो: ज्याने यंत्राचा आराखडा काढला तो, आणि ज्याने ते वीजमंडळाच्या गळी उतरविले तो. या दोघांच्या मधे, भट्ट्या, पंप आणि क्रेना यांच्या सहवासात ज्याची उभी हयात सरते, त्या प्लान्ट इंजिनिअरचे नाव निवृत्तीच्या निरोपसमारंभापलीकडे क्वचितच कोणाच्या कानी पडते. आणि यात त्याच्याहून कारखान्याचेच अधिक नुकसान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९४६ साली बंगळूरास किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि मुंबईस भारत बिजली स्थापन झाली, तेव्हापासून मराठी अभियंत्यांच्या कित्येक पिढ्या या धंद्यात खपल्या. त्यांचे काम काय, हे ट्रान्सफॉर्मरवरून कळते. तांब्याच्या वेटोळ्यांवर गुंडाळलेला क्राफ्ट कागद स्वभावतःच आर्द्रताग्राही. साध्या हवेत त्यात वजनाच्या ६ ते ८ टक्के पाणी असते, आणि तेल भरण्यापूर्वी ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणण्यासाठी गाभा व वेटोळी भट्टीत तापवून, निर्वात करून, तासन्‌तास ते पाणी ओढून काढावे लागते. कळव्यासारख्या ठिकाणी, आषाढात जेथे भिंतींनाही पाझर फुटतो, त्या दिवसांत व्हॅक्यूम पंपाचे सील किंचित गळू लागले किंवा भट्टीच्या दाराचे गॅस्केट चेपले, तरी डोळ्यांना काहीच दिसत नाही. अंमळ ओलसर राहिलेला कागद कधीकधी चाचणीतूनही निभावून जातो, आणि त्याचे प्रायश्चित्त पुढे कैक वर्षांनी एखाद्या दूरच्या उपकेंद्राला भोगावे लागते. कारण तेल गाळता येते, बदलता येते, परंतु कागद बदलणे म्हणजे वेटोळी नव्याने घालणेच होय.

ते सील वेळेवर बदलावे अशी दरखास्त प्लान्ट इंजिनिअर करतो, आणि ‘पंप चालू आहे, तूर्त निकड नाही’ या शेऱ्यानिशी ती परत येते. महिनाअखेर माल किती निघाला याची नोंद होते, पंप बंद पडला नाही याची होत नाही. त्यामुळे हिशेबाच्या वहीत त्याचे खाते सदैव खर्चाच्याच बाजूस दिसते. (खंडेनवमीला यंत्रांना हार पडतात, तेवढाच काय तो त्याचा मान!) उत्पादनखाते यंत्र मोकळे करीत नाही, म्हणून मोठी दुरुस्ती दिवाळीच्या सुट्टीत होते, आणि ती त्यानेच करावयाची.

आता यंत्रावर सेन्सर बसविले की हा माणूस लागणारच नाही, असे विक्रेते सांगतात. सेन्सर इशारा देईल. पण पंप कोणत्या पाळीत थांबवावयाचा, हे ठरविण्याचा अखत्यार त्याच्याकडे नाही, आणि आज तो प्लान्ट इंजिनिअरकडेही पुरता नाही. तो त्यास द्यावा. नव्या यंत्राच्या खरेदीस त्याची लेखी संमती आवश्यक ठरवावी. आणि कारखान्याचा प्रमुख नेमताना बढतीच्या यादीत त्याचे नाव विक्रीखात्याच्या नावाखाली आपोआप ढकलू नये, एवढी व्यवस्थापक मंडळींस विनंती आहे.