हौसेच्या फोटोला मोल किती?

‘‘किती सुरेख आलाय फोटो! मला एक कॉपी दे हं!’’ हौसेने फोटो काढणाऱ्यांना ही फर्माईश नवी नाही. समजा, दिल्लीच्या करोल बागेत राहणाऱ्या एका मराठी घरातील वहिनी पहाटे अजमल खान रोडवर फिरायला जातात. बंद दुकाने, चहावाल्याच्या शेगडीचा धूर, धुक्यातून येणारी सायकल रिक्षा असे काहीबाही टिपतात. ओळखीचा दुकानदार त्यातला एक फोटो आपल्या कॅलेंडरवर छापतो आणि मोबदला म्हणून दोन कॅलेंडरे घरी पाठवतो. वहिनींनी मनातली खंत बोलून दाखवली, तर घरचे म्हणतात, ‘‘फोटोचे का कुणी पैसे मागतं?’’

मागतात आणि मिळतातही! होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आले, तेव्हा त्यांना दर फोटोमागे एक रुपया मिळाला होता. १९४२ मध्ये त्या दिल्लीत आल्या आणि देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून नावाजल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषणही मिळाले. रघु राय यांचे शिक्षण तर सिव्हिल इंजिनियरिंगचे. त्यांनी काढलेला गाढवाच्या पिल्लाचा एक फोटो थोरले बंधू एस. पॉल यांनी लंडनच्या ‘द टाइम्स’कडे पाठवला. तो छापून आला, पैसेही मिळाले आणि रघु राय यांची वाटच बदलली.

सगळेच काही रघु राय होत नाहीत. पण दहा-वीस प्रती विकायला एवढे मोठे नाव लागतही नाही. गिऱ्हाईक बहुधा जवळच असते. करोल बागेत लहानमोठी हॉटेले आहेत, डॉक्टरांचे दवाखाने आहेत, नव्याने सजवलेली घरे आहेत. डोंगर-धबधब्यांची पोस्टर्स कुठेही स्वस्तात मिळतात. मात्र आपल्याच गल्लीतली पहाट किंवा मंडळाच्या गणपतीची मिरवणूक बाजारात मिळत नाही. ओळखीचे दृश्य हेच हौशी छायाचित्रकाराचे भांडवल. चार-पाच जणांनी मिळून एखाद्या सभागृहात किंवा उत्सवाच्या मांडवात प्रदर्शन भरवले, तर खर्चही वाटला जातो.

मात्र भिंतीवर लावायची प्रत मोबाइलच्या पडद्यावरच्या फोटोपेक्षा वेगळी असते. १२ बाय १८ इंचांची प्रत इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायची, तर मूळ फोटो ३६०० बाय ५४०० ठिपक्यांचा, म्हणजे सुमारे १९ मेगापिक्सेलचा हवा. तेवढा नसेल, तर प्रत लहान काढावी. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो छपाईला देऊ नये. पाठवताना त्याचा आकार सहसा कमी झालेला असतो. कागद आणि माउंट आम्लरहित घ्यावा, नाहीतर काही वर्षांत पिवळेपणा येतो. ज्या भिंतीवर ऊन पडते तिथे फोटो लावू नये, हेही गिऱ्हाइकाला सांगावे.

किंमत ठरवताना बहुतेक जण कचरतात. समजा, छपाई, माउंट आणि फ्रेम मिळून ९०० रुपये लागले. फोटो दुकानात २,००० रुपयांना ठेवला आणि दुकानदाराने ४० टक्के कमिशन घेतले, तर हातात येतात १,२००. म्हणजे पहाटे उठण्याचे, येण्याजाण्याचे आणि कॅमेऱ्याच्या झिजेचे मिळून उरले ३०० रुपये! म्हणूनच आधी हिशेब मांडावा, मग भाव सांगावा. विक्रीच्या आशेवर हप्त्याने महागडा कॅमेरा घेणे तर टाळावेच. आधी फोटोंनी कमवावे, मग कॅमेरा बदलावा.

कायद्याचीही थोडी माहिती हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा हक्क सर्वसाधारणपणे तो काढणाऱ्याचा असतो आणि त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. प्रत विकली म्हणून हा हक्क विकला जात नाही. विकत घेणाऱ्याने ती भिंतीवर लावावी. तिच्यावरून कॅलेंडर छापायचे असेल, तर वेगळी परवानगी हवी. ही परवानगी नेहमी लेखी द्यावी. कुठे, किती प्रती आणि किती काळासाठी, हे त्यात असावे. हक्कच लिहून दिला आणि मुदत घातली नाही, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. मात्र पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढले, तर वेगळा करार नसल्यास हक्क सांगणाऱ्याकडे जातो. तसेच कुणाचा चेहरा जाहिरातीत वापरायचा असेल, तर त्या व्यक्तीची संमती घ्यायलाच हवी.

आता पुढच्या दिवाळीआधी दुकानदार पुन्हा येईल. तेव्हा वहिनींनी चहा जरूर द्यावा, पण सोबत एक कागदही पुढे करावा: एक फोटो, एका वर्षाचे कॅलेंडर, अमुक इतक्या प्रती आणि इतके रुपये. कदाचित तो हसेल, घासाघीस करील, ‘‘घरच्याच माणसाकडून पैसे?’’ असेही म्हणेल. पण कागदाचे आणि छपाईचे पैसे तो कुरकुर न करता देतोच ना? मग फोटोचे मागताना वहिनींनी का संकोचावे? आप्तांना वाढदिवसाला एखादी प्रत आनंदाने भेट द्यावी. पण भेट कोणती आणि विक्री कोणती, हे ठरवण्याचा अधिकार फोटो काढणारीचाच.