या वयातसुद्धा?

एखादी खेळाडू बऱ्याच वर्षांनी पुन्हा स्पर्धेत उतरली की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "या वयातसुद्धा खेळते!" बोलणाऱ्याला कौतुकच करायचं असतं. तरी मला हे वाक्य पटत नाही. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, म्हणजे न तपासताच खरी मानलेली असते. ती अशी, की वय हे फक्त ओझं आहे आणि जिंकणारी ते ओझं असूनही जिंकली. माझं मत वेगळं आहे. अशी खेळाडू जिंकते तेव्हा तिचं वयसुद्धा तिच्या बाजूने खेळत असतं. तलवारबाजीत हे फार छान दिसतं, म्हणून तिथलंच उदाहरण घेऊ.

इलोना एलेक ही हंगेरी देशाची तलवारबाज. तिचा जन्म १९०७ साली बुडापेस्ट शहरात झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तिने 'फॉइल' या प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. तेव्हा ती २९ वर्षांची होती. पुढचं ऑलिंपिक १९४० साली व्हायचं होतं, पण दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ते रद्द झालं. १९४४ सालचंही झालं नाही. खेळाडूच्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं अशी निघून गेली. १९४८ साली लंडनमध्ये पुन्हा ऑलिंपिक भरलं, तेव्हा एलेक ४१ वर्षांची होती. तिने पुन्हा सुवर्णपदक जिंकलं. बारा वर्षांपूर्वीचं विजेतेपद तिने राखलं!

हे कसं शक्य झालं असेल? त्यासाठी हा खेळ थोडा समजून घ्यायला हवा.

फॉइल ही हलकी तलवार असते. तिचं वजन अर्ध्या किलोपेक्षा कमी असतं. टोक समोरच्याच्या धडाला लागलं तरच गुण मिळतो. हाताला, पायाला किंवा डोक्याला लागलं तर गुण नाही. आणखी एक गंमत आहे. दोघांचे वार एकाच वेळी लागले, तर ज्याने आधी हल्ला सुरू केला त्याला गुण मिळतो. म्हणून दुसऱ्याने आधी तो वार अडवायचा आणि मगच उलट वार करायचा. म्हणजे हा खेळ एखाद्या संभाषणासारखा आहे. समोरचा काय म्हणतोय ते ऐकल्याशिवाय नीट उत्तर देता येत नाही.

आता वीस वर्षांच्या खेळाडूचे पाय जास्त वेगाने पळणार, यात शंका नाही. पण १४ मीटर लांबीच्या त्या अरुंद पट्टीवर नुसता वेग पुरत नाही. समोरच्यापासून किती अंतर ठेवायचं, वार नेमका कधी करायचा आणि हूल कशी ओळखायची, हेही लागतं. हूल देणे म्हणजे एकीकडे जातोय असं दाखवून दुसरीकडे जाणे. कबड्डी खेळला असाल तर तुम्हाला हे लगेच कळेल. चढाई करणारा हूल देतो आणि नवखा खेळाडू दर वेळी उडी मारतो. मुरलेला खेळाडू मात्र जागेवर उभा राहतो, कारण त्याने ती हूल शेकडो वेळा पाहिलेली असते. कुठे हलायचं नाही हे ज्याला कळतं, त्याला कमी पळावं लागतं. मराठीत आपण म्हणतो ना, "हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत!"

काही जण म्हणतील, "युद्धानंतर तरुण खेळाडू तयारच झाले नव्हते, म्हणून ती जिंकली." हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण एलेक तिथे थांबली नाही. १९५१ साली ती जगज्जेती झाली आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, तिने रौप्यपदक मिळवलं. तोपर्यंत नवे खेळाडू आले होते. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर इटलीची व्हॅलेंतिना व्हेझाली बघा. जून २००५ मध्ये तिला मुलगा झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती जगज्जेती झाली. पुढे २०१२ साली, ३८ व्या वर्षी, तिने लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं.

म्हणजे "वय हा फक्त एक आकडा आहे" असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. तेही वाक्य मला खोटंच वाटतं. वाढत्या वयात गुडघे दुखतात, थकवा लवकर जात नाही. शहाणपण आलं म्हणून सराव टाळता येत नाही. कोणता सराव करायचा आणि कोणता सोडायचा, हे मात्र शहाणपणामुळे कळतं.

हा प्रश्न फक्त खेळाचा नाही. मी आयटी क्षेत्रात काम करतो. तिथे मुलांसाठी चार-पाच वर्षं घरी राहिलेल्या बायका पुन्हा नोकरी शोधतात, तेव्हा त्यांना पहिला प्रश्न येतो, "मध्ये एवढी गॅप का?" मला वाटतं, पहिला प्रश्न "आज तुम्हाला काय येतं?" हा असायला हवा. तलवारबाजीच्या पट्टीवर तेच होतं. मधल्या बारा वर्षांचा हिशोब तिथे कोणी मागत नाही. आज वार लागला की नाही, एवढंच बघतात.

तुमच्यापैकी कोणी दहाव्या वर्षी पोहणं सोडलं असेल, कोणी तबला सोडला असेल. "आता काय उपयोग?" असं वाटत असेल, तर पुन्हा सुरू करून बघा. पहिले काही आठवडे बोटं ऐकणार नाहीत. पण तेव्हा जे घाईघाईत उरकत होतात, ते आज तुम्ही लक्ष देऊन कराल. जुन्या स्वतःशी शर्यत लावू नका.

आणि पुढच्या वेळी चाळिशीतली एखादी खेळाडू दिसली, तर "या वयातसुद्धा" म्हणण्याआधी तिचा खेळ नीट बघा. ती कुठे थांबते, कधी मागे सरकते, कोणत्या हुलीला फसत नाही, ते बघा. कौतुक करायचं तर त्याचं करा.

विचार करा आणि लिहा
१. लेखकाला "या वयातसुद्धा" हे वाक्य का पटत नाही? तुम्हाला काय वाटतं?
२. तुमच्या ओळखीचं कोणी मोठ्या खंडानंतर एखादी गोष्ट पुन्हा करू लागलं आहे का? त्यांच्याशी मराठीत बोला आणि पाच वाक्यं लिहा.