हरलेल्याची गादी राखणारा तह

जयसिंगपूरहून सांगलीकडे निघाले की उदगावनंतर कृष्णेचा पूल लागतो. पुलाच्या वरच्या अंगाला, हरिपूरपाशी, वारणा कृष्णेला मिळते. १७३१ साली मराठ्यांच्या दोन गाद्यांमधली हद्द ठरली ती या संगमाच्या आधाराने. संगमापासून खाली तुंगभद्रेपर्यंतचा दक्षिणतीर कोल्हापूरचा आणि मिरज प्रांत साताऱ्याचा. आपला शिरोळचा मुलूख या रेषेला अगदी चिकटून आहे. म्हणून बड्या सत्तांच्या वैराचा विषय निघाला की मला आधी वारणेचा तह आठवतो.

वैर संपवता येत नसेल तर ते लढाईपर्यंत जाऊ न देता कसे सांभाळायचे, हा आज अमेरिका-चीनपुढचा आणि भारत-चीनपुढचा प्रश्न आहे. साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज या चुलत भावांपुढेही तोच होता. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटले आणि काकू ताराबाईंशी त्यांची खेडला लढाई झाली. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर ताराबाईंची सत्ता उलटून संभाजी गादीवर आले, तरी भांडण तेच राहिले. पुढे संभाजींनी निजामाचा हात धरला. पण पालखेडला शाहूंचे पेशवे बाजीराव यांनी निजामाला कोंडले आणि १७२८ च्या मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने संभाजींची बाजू सोडून दिली. १७३० मध्ये वारणाकाठी शाहूंच्या प्रतिनिधींनी कोल्हापूरच्या फौजेचा पराभव केला. राजघराण्यातल्या स्त्रियाही सातारकरांच्या हाती लागल्या.

या वेळी साताऱ्याला कोल्हापूरची गादी मोडून टाकता आली असती. पाठीराखा गेलेला, फौज हरलेली, अशा प्रतिस्पर्ध्याला संपवा म्हणणारे सल्लागार कोणत्याही दरबारात असतात. शाहूंनी ते केले नाही. हाती आलेल्या राजस्त्रियांना त्यांनी सन्मानाने वागवले. कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोघा भावांची समारंभाने भेट झाली आणि १३ एप्रिल १७३१ ला तह ठरला. हा तह बरोबरीचा होता असे कोणी समजू नये. मिरज, तासगाव, अथणीकडची ठाणी संभाजींना सोडावी लागली, कोपळच्या बदल्यात रत्नागिरी द्यावी लागली. पण गादी राहिली, मुलूख राहिला आणि तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत पुढे जे मिळेल त्यात निम्मा वाटा लिहून मिळाला. हरलेल्याला तह मोडण्यापेक्षा पाळण्यात फायदा दिसला, यातच शाहूंचे शहाणपण होते असे माझे ठाम मत आहे.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या तोंडाशी गेले, तेव्हाही सुटका याच मार्गाने झाली. ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे परत नेली हे जगाने पाहिले. पण केनेडींनी क्यूबावर हल्ला न करण्याचे वचन दिले होते आणि तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रे गुपचूप काढून घेण्याचे कबूल केले होते. समोरच्याला माघारीची वाट मिळाली आणि युद्ध टळले. पुढच्याच वर्षी दोन्ही राजधान्यांमध्ये थेट संपर्काची व्यवस्था झाली.

वारणेच्या तहातली दोन कलमे मला विशेष मोलाची वाटतात. एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवायचे नाहीत, हे पहिले. त्या काळचे सरदार रुसले की पलीकडच्या गादीकडे जात. सेनापती चंद्रसेन जाधव १७११ मध्ये शाहूंना सोडून ताराबाईंकडे गेले आणि तिथून पुढे निजामाकडे. अशा माणसांना आसरा देणे म्हणजे शेजाऱ्याच्या घरात काडी टाकणे. पाकिस्तानने स्वतःच्या भूमीवर पोसलेल्या टोळ्यांमुळे आपल्या वाट्याला काय आले हे वेगळे सांगायला नको. दुसरे कलम वडगावच्या ठाण्याचे. ते ठाणे पाडून टाकायचे ठरले. जिथे फौजा समोरासमोर येऊन ठिणगी पडते, ती जागाच मोकळी करायची. २०२० मधल्या गलवानच्या चकमकीनंतर पँगाँग आणि गोग्राच्या भागात भारत-चीनने दोन फौजांमध्ये मोकळे पट्टे ठेवले, त्यामागे हाच विचार होता. आपल्या गस्तीचा हक्क त्यात अडकून पडतो ही तक्रार खरी आहे. तरीही वीस जवान गमावल्यानंतर तो पट्टा मला मान्य आहे.

शाहू हयात होते तोवर दोन गाद्यांमध्ये पुन्हा मोठी लढाई झाली नाही. संभाजी साताऱ्याला पाहुणे म्हणून गेले, मानाने राहिले. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू वारले आणि तहामागचा माणूस गेला. सत्ता पेशव्यांकडे गेली, कृष्णाकाठ पटवर्धनांच्या जहागिरीत आला. कोल्हापूर आणि पटवर्धन यांच्या फौजा याच पट्ट्यातून अनेक वर्षे एकमेकांवर चालून जात राहिल्या. १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत परशुरामभाऊ पटवर्धन मारले गेले, मग सूड म्हणून कोल्हापूरला वेढा पडला. नासधूस झाली ती इथल्या गावांची. १८१२ मध्ये कोल्हापूरने इंग्रजांशी तह केला, त्यात चिकोडी-मनोळीवरचा हक्क गेला, मालवण गेले आणि इंग्रजांच्या संमतीशिवाय लढाई न करण्याचे बंधन आले. मराठ्यांनी आपसात जे सांभाळले नाही त्याचा निवाडा तिसऱ्याने केला.

म्हणून आज एकेक करार गळून पडताना पाहून मला मनापासून भीती वाटते. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरचा अमेरिका-रशिया करार २०१९ मध्ये संपला. लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांना मर्यादा घालणाऱ्या न्यू स्टार्टची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. आपल्याकडे १९९३ आणि १९९६ च्या करारांनी चीनच्या सीमेवर बंदुकीला बंदुकीने उत्तर देण्याची सवय मोडली होती. गलवानला २०२० मध्ये रक्त सांडले तेव्हाही गोळी सुटली नाही, पण त्या करारांवरचा विश्वास तिथेच जखमी झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीबाबत समझोता झाला. तो टिकवायला दोन्ही बाजूंना रोज राबावे लागेल.

पाकिस्तानशी तर मे २०२५ मध्ये चार दिवस क्षेपणास्त्रे आणि ड्रोन चालले. १० मे ला थांबायचे ठरले ते दोन्हीकडच्या लष्करी कारवाई महासंचालकांच्या फोनवर. तो फोन जोडलेला होता म्हणून उचलता आला.

वाचकांना माझी विनंती आहे. सीमेवर अधिकाऱ्यांची बैठक झाली, फोनवर बोलणे झाले, अशी बातमी आली की तिला दुबळेपणा म्हणणाऱ्यांच्या सुरात सूर मिसळू नका. भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, तिथे हल्ला होऊ नये म्हणून. कारगिलच्या युद्धानंतरही या याद्या दिल्या गेल्या, आणि मे २०२५ नंतरच्या १ जानेवारीलाही दिल्या गेल्या.