सोनारानं कान टोचले, पण कशानं?

सोनं घेताना आपल्याइतकं चौकस गिऱ्हाईक शोधून सापडायचं नाही. ९१६ चा शिक्का आहे का, सहा आकडी-अक्षरी हॉलमार्क भिंगातून नीट दिसतो का, घडणावळ किती, घट किती, काटा शून्यावर होता का, सगळं विचारून होतं. तेच सोनं अंगात घुसवायची वेळ आली की हेच गिऱ्हाईक पोराला मांडीवर घट्ट धरतं, तोंड फिरवतं आणि म्हणतं, "करा पटकन." ज्या टोकानं कातडी फुटणार ते टोक त्याआधी कोणाच्या कानातून गेलंय, हे विचारायचा आपल्याला संकोच वाटतो.

सोनारानंच कान टोचावेत ही म्हण जुन्या सोनाराला शोभायची. तो सोन्याची बारीक तार घ्यायचा, टोकाला धार काढायचा, पाळीतून आरपार न्यायचा आणि तीच तार वळवून जागच्या जागी सुंकलं करायचा. ज्याची तार त्याच्याच कानात राहायची. एकाचं रक्त दुसऱ्याला लागायला मधे फारसं काही नव्हतंच. सुश्रुतसंहितेत तर यावर अख्खा अध्याय आहे. पोराला मांडीवर बसवा, खेळण्यांनी भुलवा, डाव्या हातानं पाळी ताणून धरा आणि ऊन जिथून आरपार दिसतं तिथं सरळ टोचा. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. जागा चुकली तर रक्त येतं, दुखतं, हेही लिहून ठेवलंय. टोचण्याआधी उजेडात नीट पाहायची ही शिस्त होती. आता पेढीवर दिव्यांचा लखलखाट आहे, पाहत कोणी नाही.

कारण आता बऱ्याच पेढ्यांवर, पार्लरात आणि मॉलमधल्या खोक्याएवढ्या दुकानांत गन आली आहे. खटका दाबला की स्प्रिंगच्या जोरावर खडा कानात. सुई पोकळ आणि धारदार असते, ती वाट कापते. गनमधल्या खड्याची दांडी तुलनेनं बोथट, ती जोरावर घुसते. त्यात बहुतेक गनचा सांगाडा प्लॅस्टिकचा. निर्जंतुक करायचं तर ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर निदान १५ मिनिटं ठेवावं लागतं, आणि तिथं प्लॅस्टिक वितळतं. म्हणून मग स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि पुढचा कान घ्यायचा. नव्या गनमध्ये खडा सीलबंद कॅसेटमधून येतो, तेवढी सुधारणा मान्य. पण दणका तोच.

पाळीला हा दणका एक वेळ सोसतो. माझ्या भाचीला मात्र यंदा ‘हेलिक्स’ करून हवं होतं, म्हणजे कानाच्या वरच्या कडेला, जिथं तिची पणजी बुगडी घालायची तिथंच. ती कड कूर्चेची. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. तिथं जंतू शिरले की शरीराची कुमक उशिरा पोचते आणि औषधाचीही. पू धरला तर कूर्चा विरघळते आणि कान कायमचा चुरगळतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २००० साली दागिन्यांच्या एका छोट्या दुकानातून कान टोचून घेतलेल्यांत ७ जणांना असा पक्का संसर्ग झाला, बहुतेक कोवळ्या वयाची पोरं, आणि सगळ्यांचं टोचलेलं कानाच्या वरच्या कडेलाच. जंतू सापडले कुठं, तर टोचण्याआधी फवारायच्या जंतुनाशकाच्याच बाटलीत. त्यामुळं "आम्ही औषध मारतो हो" हे वाक्य ऐकलं की माझं समाधान होत नाही.

आम्ही आधी एका नावाजलेल्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं ड्रॉवर उघडला, त्यात गन, स्टेपलर आणि पावतीबुक एकत्र नांदत होते. आम्ही "जरा विचार करून येतो" म्हणत पायऱ्या उतरलो. दुसरीकडं टोचणारी मुलगी निघाली ती दंडभर टॅटूवाली. माझं तोंड जरा वाकडं झालं असणार. पण तिनं आधी खुर्ची दिली आणि प्रश्न सुरू केले: जेवून आलीस ना? मधुमेह, रक्त पातळ करायची गोळी? जुन्या जखमेवर कधी वाढती गाठ, केलॉइड, आलीय का? घरात कोणाला? हेपटायटिस बीची लस झालीय का? मग पेनानं ठिपका काढून आरसा हातात दिला. भाचीला ठिपका वर वाटला, तिनं तो पुसून पुन्हा काढला, न कुरकुरता. सुईचं पाकीट आमच्यासमोर फोडलं, त्यावरची वाफेनं रंग बदललेली खूण दाखवून. तेवढ्यात फोन वाजला. तिनं तो हातमोज्यानंच बाजूला सारला आणि लगेच हातमोजे काढले, हात धुतले, नवे चढवले. मी तिथंच निश्चिंत झाले. असल्या बारीक गोष्टी भिंतीवरच्या चौकटीतल्या प्रमाणपत्रात दिसत नाहीत. काम झाल्याबरोबर सुई जाड डब्यात गेली.

माझ्या बहिणीचा हट्ट होता की घरचं सोनंच घालायचं. त्या मुलीनं शांतपणे समजावलं: २२ कॅरेट मऊ, त्यावर ओरखडे पडतात, ओरखड्यांत घाण बसते. जखम भरेपर्यंत इम्प्लांटच्या दर्जाचं टायटॅनियम. खोट्या दागिन्यांतलं निकेल तर खाजेचं घरच. युरोपात टोचलेल्या छिद्रात घालायच्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागं ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये असा नियमच आहे. दांडीही मुद्दाम लांब घातली, सूज येते म्हणून.

खरी परीक्षा घरी सुरू झाली. कारण टोचलेला कान हा आपल्याकडं सार्वजनिक विषय. एक म्हणते हळद-खोबरेल, दुसरी म्हणते रोज फिरव नाहीतर चिकटेल, तिसरीच्या पर्समध्ये कुठलं तरी मलम. यातलं काहीही करायचं नाही. फिरवलं की आत नुकती धरलेली कोवळी त्वचा फाटते आणि कडेची वाळलेली खपली आत ओढली जाते. तेल आणि मलम हवा कोंडतात. स्पिरिट आणि पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात. केमिस्टकडं मिळणारं साधं ०.९ टक्क्याचं सलाईन दिवसातून दोनदा, मग स्वच्छ कागदानं टिपायचं, आणि हात लावायचा नाही. घरचं मिठाचं पाणी बहुधा खारटढाण होतं. पांढरट-पिवळा पातळ द्रव वाळून खपली धरली तर घाबरायचं कारण नाही. लाली पसरत गेली, कान तापला, ठणकू लागला, हिरवट पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि दागिना स्वतः उपसायचा नाही, छिद्र मिटून पू आत कोंडतो. बाकी शत्रू घरचेच: टॉवेलचे धागे, ओढणी, केसांचा डाय, आणि सगळ्यांत मोठा, हेल्मेट.

तान्ह्यांचं म्हणाल तर बाराव्या दिवसाची घाई मला पटत नाही. धनुर्वाताची लस ज्यात असते ती पेंटाव्हॅलंट आपल्याकडं ६, १० आणि १४ आठवड्यांनी देतात. त्यानंतर टोचलं म्हणून कुणाचं बारसं अडलेलं नाही.

पाळी दीड-दोन महिन्यांत भरते, नाकपुडीला चार-सहा महिने लागतात, वरच्या कडेला सहा महिने ते वर्ष. ढोलपथकातल्या पोरांनी हा हिशेब लक्षात घ्यावा. गणपती पंधरा दिवसांवर आले की भिकबाळीसाठी कान टोचायला रांग लागते, मग धूळ, घाम, गुलाल आणि वर फेटा. भिकबाळी खरीच घालायची असेल तर टोचायचा मुहूर्त विसर्जनानंतरचा. यंदापुरती दाबाची मिळते, लांबून कुणाला कळत नाही.