कुलगुरू कोणाचे? राजभवनाचे, मंत्रालयाचे की विद्यापीठाचे?

डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक संमत केले. शोध समितीने सुचविलेल्या नावांतून शासनाने दोन निवडावीत, त्या दोहोंतूनच राज्यपालांनी कुलगुरू नेमावा आणि उच्च शिक्षणमंत्र्यांनी प्र-कुलपती व्हावे, असा त्याचा मथितार्थ. विरोधकांनी स्वायत्ततेच्या नावाने टाहो फोडला, तर सत्ताधाऱ्यांनी लोकनियुक्त सरकारच्या अधिकाराचा दाखला दिला. जून २०२२ च्या सत्तापालटानंतर नव्या सरकारने ते विधेयक मागे घेतले. एका पक्षाने याला विजय म्हटले, दुसऱ्याने पराभव. परंतु या झुंजीत विद्यापीठ होते कोठे?

२०१६ च्या मूळ कायद्यानुसार कुलगुरू-शोध समितीवर एक सदस्य कुलपतींचा, एक शासनाचा सनदी अधिकारी आणि एकच सदस्य व्यवस्थापन परिषद व विद्यापरिषद यांनी मिळून सुचविलेला. आणि तोही विद्यापीठाशी संबंध नसलेला! ज्या घरचा कारभारी नेमायचा, त्या घरच्यांनाच उंबरठ्याबाहेर उभे करण्याचा हा प्रकार होय. मग अंतिम निवड केंद्राने नेमलेल्या राज्यपालांनी केली काय किंवा मंत्र्यांनी केली काय, अध्यापक, विद्यार्थी आणि पदवीधर यांच्या वाट्याला फक्त टाळ्या वाजविणे उरते.

याची किंमत कोण मोजतो? २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आला आणि निकाल महिनोन्महिने रखडले. पुढील प्रवेश व नोकऱ्या यांवर डोळे लावून बसलेली सामान्य घरांतील मुले त्यात भरडली गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. वरून आलेला वरूनच गेला. निर्णय होत असताना जाब विचारू शकणारी निर्वाचित अधिसभा मात्र अस्तित्वातच नव्हती. पदवीधरांचे प्रतिनिधी निवडले गेले ते मार्च २०१८ मध्ये.

एवढा अनुभव गाठीशी असूनही शहाणपण सुचले नाही. त्या अधिसभेची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेली पदवीधर मतदारसंघाची निवडणूक स्थगित झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये मतदान दोन दिवसांवर आले असता शासनाच्या आदेशावरून ती पुन्हा रोखण्यात आली. अखेर उच्च न्यायालयाने कान उपटले तेव्हा २४ सप्टेंबरला मतदान झाले. अवघ्या १० जागांची ज्यांना एवढी धास्ती, त्यांनी विद्यापीठीय लोकशाहीच्या गोष्टी कराव्यात, यापरती विसंगती कोणती?

येथे एक आक्षेप घेतला जाईल: पैसा जनतेचा आहे, तेव्हा शासनाची देखरेख नको काय? अवश्य हवी. आरक्षणाची अंमलबजावणी, रिक्त पदांची भरती, शुल्कावरील नियंत्रण आणि हिशेबांची तपासणी यांतून शासनाने अंग काढून घेणे हा गुन्हाच ठरेल. स्वायत्तता म्हणजे अनुदान आखडते घेण्याचा परवाना नव्हे. पण देखरेख वेगळी आणि मालकी वेगळी. पाटबंधारे खात्याने कालवा राखावा. शेतात काय पेरायचे ते शेतकऱ्याने ठरवावे.

दुसरा आक्षेप असा की, अधिसभेच्या निवडणुका पक्षांचे व शिक्षणसम्राटांचे आखाडे बनतात. त्यात तथ्य आहे. परंतु मतदार नोंदणी सुलभ करणे आणि हिशेब खुले करणे हा त्यावरचा उपाय आहे. निवडणूकच गुंडाळणे नव्हे. ग्रामपंचायतीत गटबाजी आहे म्हणून गावाचा कारभार तहसीलदाराच्या हाती सोपवावा, असे कोणी म्हणत नाही.

म्हणूनच समाजवादी कार्यकर्त्यांनी राजभवन विरुद्ध मंत्रालय या नकली लढतीत बाजू घेण्याचे कारण नाही. अधिसभेची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे कायद्याने बंधनकारक करावे, शोध समितीत अधिसभेच्या निर्वाचित प्रतिनिधींना स्थान द्यावे आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी विद्यार्थ्यांनीच निवडावेत, या तीन मागण्या घेऊन महाविद्यालयांच्या दारांत उभे राहिले पाहिजे. आजवर अध्यापक, विद्यार्थी आणि पदवीधर यांना कोणी विचारले नाही. यापुढे त्यांना विचारल्यावाचून कुलगुरू नेमता येऊ नये.