सहभाग की हजेरी?

प्रेक्षक कलाकृतीत शिरला की कलाकृती लोकशाहीवादी होते, हे गृहीतक आपल्या समीक्षेने वाचककेंद्री सिद्धान्तांवरून बेतले आणि कॅमेरे वापरणाऱ्या माध्यमकलेवर जसेच्या तसे लादले. वस्तुतः वाचक अर्थ घडवीत असताना संहिता त्याची नोंद ठेवीत नाही. कॅमेरा ठेवू शकतो. या भेदाकडे डोळेझाक करणारी समीक्षा नकळत पहारेकऱ्याची भाषा बोलू लागते.

शिल्पा गुप्ता यांच्या २००६-०७ मधील ‘शॅडो’ मालिकेत कॅमेरा प्रेक्षकाची आकृती टिपतो, तिची सावली समोर उमटते आणि घरंगळत येणाऱ्या वस्तू त्या सावलीला चिकटत, साचत जातात. येथे प्रेक्षक ‘मुक्त’ झाला असे म्हणणे म्हणजे कलाकृती न पाहणेच होय. सहभागातली सक्ती उघडी करणे हेच तिचे सामर्थ्य आहे.

शायना आनंद यांनी २००६ मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शनमध्ये केलेल्या ‘खिडकियाँ’ या प्रयोगात कॅमेरे आणि दूरचित्रवाणी संच तारांनी जोडलेले होते. त्यामुळे दिसणारी माणसे एकमेकांना पाहत, बोलत, भांडत होती. त्यांच्याच ‘कॅम्प’ या मुंबईतील गटाची ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ (२०२२) मध्य मुंबईतील एका उंच इमारतीवरच्या दूरनियंत्रित सीसीटीव्ही कॅमेऱ्यातून चित्रित झाली. वर्गविभागलेल्या शहराचे तिने घडवलेले दर्शन भेदक आहे, हे मान्य. तथापि खालच्या वस्तीतला माणूस तेथे दृश्याचा विषय आहे, सहभागी नव्हे. यंत्र तेच, परंतु दृष्टीचे वाटप निराळे. समीक्षेने तोलायचे ते हे वाटप.

यावर ‘दर्शन’ या संकल्पनेचा आधार घेतला जाईल : पाहणे आणि पाहिले जाणे आपल्या परंपरेत एकरूपच आहे, असे सांगितले जाईल. हा युक्तिवाद फसवा आहे. तुळजापुरात भाविक देवीपुढे आपण होऊन उभा राहतो आणि आपण कोणाच्या दृष्टीपुढे आहोत हे जाणतो. गोंधळात तर दिवटीच्या एकाच उजेडात गोंधळी, यजमान आणि जमलेला समुदाय असतो. पाहणाराही तेथे दिसतो. नियंत्रणकक्षातला पाहणारा दिसत नाही. धाराशिवच्या विद्यार्थ्याला हा फरक परकीय परिभाषेतून शिकवावा लागू नये.

म्हणून प्रेक्षक किती हलला, हा निकष सोडून द्यावा. टिपलेली प्रतिमा त्याला पाहता येते काय, ती कोणाकडे राहते आणि त्याला नकार देता येतो काय, हे प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत आपण ज्याला सहभाग म्हणतो, ती केवळ हजेरी आहे.